पोपटचोच असील: पहिली तीन वर्षं

असील कोंबडा पहिल्यांदा जवळून पाहणारा माणूस हमखास किंमत विचारतो. ताठ मान, कपाळाला चिकटलेला बुटका तुरा, मोतिया डोळा, पोपटासारखी वळलेली चोच आणि मागे जमिनीवर लोळणारी शेपूट. भुरळ पडतेच. मलाही पडली होती. पुण्याजवळ धायरीच्या पुढे आमच्या दोन गुंठ्यांत एक देखणा नर आणून सोडला, मिळतील तिथून चार माद्या गोळा केल्या आणि वर्षभरात अंगण देखण्या पिल्लांनी भरेल असं धरून चाललो. एका मादीखाली अकरा पिल्लं निघाली. त्यातल्या तिघांच्या डोक्यावर गावठी कोंबडीचा असतो तसा उभा, करवतीसारखा तुरा. बापाला नाही, आईला नाही, मग यांना कुठून आला? त्या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा कळलं की आपण पैदास करत नव्हतो, नुसती कोंबडी पाळत होतो.

असील हा शब्द अरबीतला. अर्थ खानदानी, शुद्ध. आपला 'अस्सल' त्याच धातूतून आलेला. जातीचं घर म्हणजे आंध्र, ओडिशा आणि छत्तीसगडचा बस्तरकडचा भाग. मलय, जपानचा शामो (हे नाव सयामवरून पडलं) ही सगळी याच पौर्वात्य लढाऊ कोंबड्यांच्या घराण्यातली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये असीलच्या संकरातून कॉर्निश जात तयार झाली आणि पुढे ब्रॉयलरच्या नर-वाणात तेच रक्त गेलं. म्हणजे चिकन सेंटरच्या पिंजऱ्यात बसलेला पांढरा ब्रॉयलरसुद्धा या ऐटबाज कोंबड्याचा दूरचा पुतण्या.

पुण्यात हौशी लोकांना सध्या वेड आहे ते तमिळनाडूकडच्या लांब शेपटीच्या पोपटचोच असीलचं. तिकडे त्याला किळिमूक्कू आणि विसिरिवाल म्हणतात, पोपटाची चोच आणि पंख्यासारखी शेपूट. दिंडीगुल, सेलम भागात या पक्ष्यांची रूपावर पारख होते. हा लेख तेवढ्यापुरताच आहे. झुंजीसाठी कुणाला पक्षी हवे असतील तर इथेच थांबा. प्राण्यांना झुंजवणं १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि आर (पायाची टोकदार नखी) मारून फाटलेल्या कोंबड्याची चोच कितीही सुंदर असली तरी ती बघवत नाही.

पायरी पहिली: जागा आणि शेजारी

असीलची एक अडचण साध्या कोंबडीत नाही. तीन-चार महिन्यांचे झाले की नर एकमेकांना सोडत नाहीत. माद्याही भांडतात. म्हणून प्रत्येक मोठ्या नराला स्वतंत्र खुराडं लागतं, निदान चार बाय चार फुटांचं, आणि दोन खुराड्यांमध्ये जाळी नव्हे, पत्रा किंवा फळी. समोर दुसरा नर दिसत राहिला तर जाळीवर धडका मारून चोच आणि शेपूट दोन्ही घालवतो. म्हणजे दहा नर ठेवायचे तर दहा खोल्यांची चाळ बांधा. हे गणित आधी करा, पक्षी नंतर आणा.

पुण्याचा पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो. ती बाजू बंद, पूर्वेची उघडी. खाली कोरडी वाळू किंवा भाताचं तूस. लांब शेपटीच्या नराला चिखलात एक पावसाळा काढायला लावला की दोन वर्षांची मेहनत झाडूसारखी दिसू लागते. बसायची दांडी तीन फुटांवर हवी, नाहीतर शेपूट जमिनीवर घासते. पण चार किलोचा पक्षी तीन फुटांवरून धपकन उडी मारतो तेव्हा तळपायाला गाठ येऊन पू होतो. म्हणून मध्ये एक पायरी द्या, दीड फुटावर. मुंगूस, मांजर आणि घूस यांच्यासाठी जाळी जमिनीत अर्धा फूट गाडा.

सोसायटीत राहत असाल तर गच्चीचा विचार सोडा. असीलची बांग पहाटे चारला सुरू होते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ती ऐन बैठकीत वाचून दाखवणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. शहराबाहेर कुणाची दोन गुंठे जागा मिळते का ते बघा.

पायरी दुसरी: एकच गोष्ट ठरवा

चोच, डोळा, तुरा, शेपूट, उंची, रंग ही सगळी हवीतच. पण एकदम सहा गोष्टींवर निवड करायला गेलात तर हातात काहीच लागत नाही. समजा पन्नास पिल्लं झाली. प्रत्येक गुणात वरची निम्मीच ठेवायची म्हटलं तरी सहा गुणांनंतर एखादंही उरणं कठीण. म्हणून पहिल्या तीन वर्षांसाठी एक मुख्य गुण आणि एक दुय्यम गुण धरा. बाकीच्यांसाठी फक्त एवढंच बघा की दोष वाढत नाही ना. माझा सल्ला: चोच मुख्य, शेपूट दुय्यम. कारण पुढे येईलच. रंगाच्या मागे पहिल्या वर्षी अजिबात लागू नका. रंगावर भाळून सांगाडा गमावलेली खुराडी मी भरपूर पाहिली आहेत.

पायरी तिसरी: मादी आधी, नर नंतर

सगळे नरावर पैसे उडवतात. मादी मिळेल ती. इथेच घोळ होतो, कारण पिल्लाला निम्मं रक्त आईचं मिळतं आणि चार माद्यांमध्ये चुकीची एक असली तर पाव कळप बिघडतो. शिवाय मादीची पारख अवघड. चोच, डोळा, तुरा, हाड हे तिच्या अंगावर दिसतं. शेपूट दिसत नाही. मादीला ती लांब पिसं फुटतच नाहीत. तिच्यात लांब शेपटीचा गुण आहे की नाही हे तिच्या बापावर आणि भावांवर बघायचं. म्हणून मादी घेताना विकणाऱ्याला 'हिचे भाऊ दाखवा' म्हणा. भाऊ दाखवायला काचकूच करणाऱ्याकडून घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. आठवडी बाजारातून तर मुळीच नाही. तिथे पक्ष्याबरोबर फक्त रोग मिळतो, घराणं मिळत नाही.

हातात धरून काय बघायचं? छाती रुंद, पाय दोन बाजूंना नीट फाकलेले, मान जाड, पिसं आखूड आणि अंगाला घट्ट. चोच बाजूनं बघा: वरची आखूड, जाड, बुंध्यापासूनच वळलेली आणि खालचीवर झाकणासारखी नेमकी बसलेली. वरची एकीकडे आणि खालची दुसरीकडे जात असेल तर ती पोपटचोच नव्हे, ती वाकडी चोच. तो दोष आहे आणि तो पुढच्या पिढीत उतरू शकतो. साधी परीक्षा अशी, सपाट फरशीवर बाजरीचे वीस दाणे टाका. चांगल्या चोचीची मादी पटापट टिपते. दाण्याभोवती घुटमळणारी, मान वाकडी करून उचलणारी परत द्या. चोच आखूड करण्याच्या नादात खाता न येणारे पक्षी तयार करणारे लोक आहेत; त्यांच्या रांगेत आपण बसायचं नाही.

पहिल्या वर्षाला एक किंवा दोन नर आणि चार माद्या पुरे. मादी किमान दहा-बारा महिन्यांची, नर दीड वर्षाचा. तलंग (तरुण मादी) पहिली अंडी घालू लागली की घाई होते, पण ती अंडी छोटी आणि पिल्लं अशक्त असतात. दुसऱ्या खेपेपासून उबवा.

नवा पक्षी कुठूनही येवो, तीस दिवस वेगळा. वेगळी भांडी, त्याला चारा सगळ्यात शेवटी. या तीस दिवसांत कोंबडा दाखवायला मित्रांना बोलावू नका.

पायरी चौथी: वही

शंभर पानी, पुठ्ठ्याची. मोबाइलमध्ये नको, हात शेणाचे असतात. प्रत्येक पक्ष्याला एक पान: क्रमांक, आई, बाप, अंड्यातून निघाल्याची तारीख, आणि खाली वयाप्रमाणे नोंदी.

पिल्लाला क्रमांक द्यायचा जुना सोपा मार्ग आहे. एका पायाला बोटांमध्ये दोन पडदे, दोन पायांचे चार. पहिल्याच दिवशी बारीक पंचनं यातल्या ठरावीक पडद्यांना भोक पाडायचं. चार पडद्यांच्या सोळा वेगवेगळ्या खुणा होतात, म्हणजे सोळा जोड्यांची पिल्लं एकाच डालग्याखाली वाढली तरी ओळखता येतात. मोठी झाली की पायात रंगीत कडं. कडं महिन्याला तपासा, पाय जाड होतो आणि रुततं.

वहीला अर्थ यायचा तर बाप नक्की हवा. नर बदलून लगेच अंडी गोळा करू नका. मादीच्या शरीरात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. जुना नर काढल्यावर तीन आठवड्यांची अंडी खाऊन टाका, मग पुढची उबवा. बाजारातून आणलेल्या मादीलाही हाच नियम. आम्ही पहिल्या वर्षी हे पाळलं नाही आणि एका पानावर बापाच्या जागी आजही प्रश्नचिन्ह आहे.

पायरी पाचवी: तीन उभे तुरे आणि एक गावठी कोंबडी

आता त्या अकरा पिल्लांकडे. असीलचा तुरा म्हणजे वाटाणा तुरा: कपाळावर बारीक गाठींच्या तीन बुटक्या ओळी. हा गुण प्रबळ आहे. पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन घटक मिळतात. त्यातला एक जरी वाटाण्याचा असला तरी तुरा वाटाणाच दिसतो. उभ्या तुऱ्याचा घटक मागे दबून राहतो. असे दोन 'लपवणारे' पक्षी एकत्र आले की चारात एक पिल्लू उभ्या तुऱ्याचं. अकरात तीन, हिशोब जुळतो. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे इंग्रज जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसननं १९०२ मध्ये दाखवलं ते कोंबडीच्या तुऱ्यावरच. म्हणजे माझ्या नराच्या आणि त्या मादीच्या, दोघांच्याही खानदानात कुठेतरी गावठी रक्त होतं.

उपाय असा. संशयित नर उभ्या तुऱ्याच्या गावठी कोंबडीवर सोडा आणि पिल्लं मोजा. एक जरी उभ्या तुऱ्याचं निघालं, तर नर लपवतो आहे. सलग सात पिल्लं वाटाणा तुऱ्याची निघाली, तर तो लपवत असण्याची शक्यता १२८ मध्ये एक. एवढी खात्री पुरे. ती सात पिल्लं चवीला उत्तम असतात, पैदाशीत घेऊ नका. नजर तयार झाली की परीक्षेआधीही अंदाज येतो, कारण लपवणाऱ्या पक्ष्याचा वाटाणा तुरा जरा मोठा, मधली ओळ जास्त वर आलेली दिसते.

पिवळ्या पायांचं याच्या उलट. पिवळा रंग दबणारा आहे. दोन पांढऱ्या पायांच्या पक्ष्यांना पिवळ्या पायाचं पिल्लू होऊ शकतं. तेव्हा पायाचा रंग बदलला म्हणून मादीवर आळ घेऊ नका. हा पिवळा रंग पाळीव कोंबडीत करड्या रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. हा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतलाच. मुळशी, भीमाशंकरकडे पहाटे ऐकू येतो तो.

चोच, शेपूट, उंची यांचं असं एक-दोन घटकांवर भागत नाही. तिथे अनेक घटक मिळून काम करतात, त्यामुळे हळूहळू, पिढीगणिक थोडं थोडं सरकायचं. आखूड शेपटीच्या घराण्यातल्या मादीवर अति लांब शेपटीचा नर घातला म्हणून मधलं, हवं ते मिळत नाही, मिळतो गोंधळ. दोषावर उलटा दोष लावू नका, त्या गुणात नीट असलेला जोडीदार लावा.

पायरी सहावी: अंडी आणि पिल्लं

पुण्यात हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पक्षी पिसं टाकतात, एप्रिल-मेच्या उन्हात अंडी फळत नाहीत. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या आकड्यांत असीलची वर्षाची अंडी ९२ आहेत, पण मादीला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसू दिलं तर याहून बरीच कमी मिळतात. बारा-पंधरा घालते आणि खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. एका हंगामात एका मादीमागे नऊ-दहा धडधाकट पिल्लं मिळाली तर मी खूश असतो.

असीलची मादी आई म्हणून फार चांगली, फक्त जड. पातळ कवचाची अंडी तिच्याखाली फुटतात. मशीन वापरलं तर ३७.५ अंश, अठराव्या दिवसापर्यंत रोज तीन-चार वेळा फिरवणं, मग फिरवणं बंद आणि ओलावा वाढवायचा. एकविसाव्या दिवशी पिल्लं. अंडी जमवताना सात दिवसांपेक्षा जुनं ठेवू नका, फ्रिजमध्ये तर नाहीच. डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांखाली ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीन अंश कमी.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, आठव्या आठवड्यात टोचून. मध्ये गंबोरो रोगाची, सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची. लसीची बाटली शेकडो पक्ष्यांची असते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आसपासचे चार हौशी लोक एकाच सकाळी ठरवून लस करा. कोंबडी अचानक मेली तर पुरू नका. बर्फात घालून पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागात न्या. काय झालं ते कळतं आणि उरलेली वाचतात.

पायरी सातवी: कोणत्या वयात काय बघायचं

नवखे लोक इथे सगळ्यात जास्त चुकतात. चांगलं पिल्लू तिसऱ्या महिन्यात विकून टाकतात आणि वाईट दोन वर्षं पोसतात.

तुरा दोन-तीन आठवड्यांत कळतो. उभ्या तुऱ्याची पिल्लं तेव्हाच वेगळी काढा. चोच दोन महिन्यांनी बघा, तळहातावर धरून, बाजूनं आणि समोरून. वाकडी निघाली तर ते पिल्लू बाद. एकाच जोडीची दोन-तीन तशी निघाली तर जोडीच मोडा. पायांची ठेवण चार महिन्यांनी. गुडघे आत वळलेला पक्षी पैदाशीला नाही. पण त्याआधी त्याला फार प्रथिनांचा खुराक घालून भराभर वजन वाढवलेलं नाही ना, हे स्वतःला विचारा. तो दोष रक्ताचा नव्हे, तुमचा.

डोळ्याबाबत धीर धरा. पिल्लाचा डोळा तपकिरी, काळसर असतो. मोतिया झाक वयानं येते. आठ-दहा महिन्यांच्या आत डोळ्यावरून कुणालाही काढू नका.

शेपूट तर सगळ्यात शेवटी. पहिल्या वर्षीची शेपूट ही नुसती चाहूल. पहिली मोठी पीसगळ झाल्यावर, म्हणजे नर दीड-दोन वर्षांचा झाल्यावर, खरी शेपूट दिसते. फुटणाऱ्या पिसात रक्त असतं, त्या काळात अरुंद पिंजऱ्यात ठेवलात तर ती मोडतात आणि पुढच्या गळीपर्यंत वाट बघावी लागते. पूर्ण आली की सगळ्यात लांब पीस टेपनं मोजून वहीत लिहा, बहिणींच्या पानांवरही लिहा. चोच मुख्य आणि शेपूट दुय्यम का धरा म्हटलं ते यासाठी. चोचीचा निकाल दोन महिन्यांत लागतो आणि नर-मादी दोघांत दिसतो. शेपटीचा दोन वर्षांनी आणि फक्त अर्ध्या कळपात.

दहातले सात-आठ पक्षी पैदाशीसाठी नसतात. ते खायला जातील किंवा कुणाच्या अंगणात. विकताना 'कितीला लढलाय याचा बाप?' असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पक्षी देत नाही.

पायरी आठवी: दुसरी पिढी

गुण पक्का करायला जवळच्या नात्यात जोडी लावावी लागते, आणि नातं फार जवळ गेलं की अंडी फळेनाशी होतात, पिल्लं मरतुकडी निघतात. बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांच्या जोडीत हे जवळिकीचं प्रमाण, म्हणजे पिल्लाचे दोन्ही घटक एकाच पूर्वजाकडून आलेले असण्याची शक्यता, एका झटक्यात २५ टक्के होतं. एक नर आणि पाच माद्यांचा बंद कळप दर पिढीला साधारण १५ टक्के त्या दिशेनं सरकतो. तीन नर आणि नऊ माद्यांचा साडेपाच टक्के. म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत तीन खुराडी उभी करा. लाल, निळं, पिवळं. लेकी आईच्याच खुराड्यात राहतात, निवडलेला मुलगा दर वर्षी शेजारच्या खुराड्यात जातो: लालचा निळ्यात, निळ्याचा पिवळ्यात, पिवळ्याचा लालमध्ये. भाऊ-बहीण कधी समोरासमोर येत नाहीत आणि बाहेरून वरचेवर नर आणावा लागत नाही.

फळणारी अंडी दोन हंगाम सलग कमी झाली तर मात्र बाहेरचा नर आणा. तीस दिवस वेगळा, मग एकाच खुराड्यात दोन माद्यांवर, आणि त्याची पिल्लं दोन पावसाळे बघून मगच पुढे. त्याआधी तो उभा तुरा लपवत नाही ना, याची सात पिल्लांची परीक्षा. आमच्याकडे त्या कामासाठी एक करड्या रंगाची गावठी कोंबडी कायम मुक्कामाला असते. खानदान नाही, शेपूट नाही, चोच साधी. पण सगळ्या असील माद्या खुडूक होऊन बसलेल्या असतात तेव्हा घरात ऑम्लेट होतं ते तिच्याच जिवावर.